लायसनवरचं आडनाव

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत लोक कशाला जातात ते मला ठाऊक आहे. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, भीमाशंकर. हल्ली शहरातली मंडळी द्राक्षांच्या मळ्यात राहायलाही जातात. मी मे महिन्यात तीन दिवस गेलो, ते नदीकाठचं एक पत्र्याचं शेड पाहायला. चार लोखंडी खांब, वर गंजलेला पत्रा, मधे चिता रचायची बिडाची चौकट. त्या शेडपाशी पस्तीस वर्षांपूर्वी काय घडलं ते आमच्या गावात सगळ्यांना माहीत आहे. पण जसं माहीत आहे तसं ते घडलेलं नाही, आणि तसं माहीत करून दिलं ते मी.

गावाचं नाव लिहीत नाही. निमगाव सावा ओलांडून पुढे गेलं की नदीच्या अंगाला ते लागतं, एवढं पुरे. नाव लिहिलं की दोष गावावर जाईल आणि माझा वाटा कमी दिसेल. मी तिथल्या शाळेत अठ्ठावीस वर्षं शिकवलं. निवृत्तीनंतर पुण्याला मुलाकडे आलो. वय एकोणऐंशी. नजर अजून शाबूत आहे आणि पाठांतरही, दुर्दैवाने.

निमित्त आप्पांच्या दहाव्याचं झालं. आप्पा गावचे जुने सरपंच, माझे मित्र. ते गेल्याचं माझ्या पुतण्याने, प्रशांतने, फोनवर कळवलं आणि म्हणाला, नाना, घाटावर तुम्हालाच बोलायचंय. पुण्याच्या वाचकाला हे सांगायला हवं, की आमच्या भागात दशक्रिया हा केवळ घरचा विधी नसतो. सकाळी नदीच्या घाटावर मांडव पडतो, प्रवचन होतं, आणि पिंडाला कावळा शिवायची वाट बघत असताना एकामागून एक पुढारी माईकवर येऊन श्रद्धांजली वाहतात. कोण कुणाच्या दहाव्याला आला, कोण किती बोलला, यावरून तालुक्याचं राजकारण वाचता येतं. शहरात माणसं शोकसभेला कुजबुजतात. आमच्याकडे लाऊडस्पीकर लावतात. त्या लाऊडस्पीकरवर मी उभ्या आयुष्यात शंभरेक वेळा बोललो असेन.

पेठ

एसटीने पेठला उतरलो. प्रशांत गाडी घेऊन आला होता. रस्त्याकडेच्या हॉटेलात मिसळ मागवली. ती इतकी तिखट होती की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. प्रशांतला वाटलं आप्पांच्या आठवणीने आलं. त्याने पाण्याचा ग्लास सरकवला. मी ते तसंच वाटू दिलं.

प्रशांत चाळिशीचा, हुशार, कष्टाळू पोरगा. टोमॅटो करतो, यंदा पंचायत समितीला उभा राहायचं म्हणतो. त्याने मोबाईल काढला आणि ग्रामसभेच्या ठरावाचा मसुदा मला वाचून दाखवला. ग्रामसभा आप्पांच्या दहाव्याच्या दिवशीच ठेवली होती, घाटावरून लोक परस्पर देवळात येतील म्हणून. जुनं शेड पाडून लोकवर्गणीतून नवीन बांधायचं. त्याच्या वापरात मूळ गावकऱ्यांना प्राधान्य राहील. वसाहतीतील बांधवांसाठी ओढ्यालगत स्वतंत्र व्यवस्था करण्यात येईल. यात कोणाचाही द्वेष नाही.

"शेवटचं वाक्य तुमचंच आहे नाना," तो म्हणाला. "ते टाकल्याशिवाय ठराव कोरडा वाटत होता."

मी विचारलं, ओढ्यालगत का. तर त्याचं उत्तर तयार होतं. तिकडेही शेडच होणार आहे, पत्रासुद्धा तोच, मग भेदभाव कुठे आला? शिवाय बंदी कुणालाच नाही, फक्त आधी आपण. जगात प्रत्येक जण आपल्या माणसाचं आधी बघतो. टीव्हीवर रोज रात्री हीच चर्चा असते, म्हणाला, आणि त्यात आपल्या माणसाला झुकतं माप देणाऱ्याला लगेच दुसऱ्याला तुच्छ लेखणारा ठरवतात. दोन्हींत फरक आहे की नाही?

फरक आहे. खरोखरच आहे, आणि तो पोरगा खोटं बोलत नव्हता. त्याला माझंच वाक्य पटलं होतं, एवढंच.

वसाहत म्हणजे काय ते सांगतो. पश्चिमेकडे डोंगरात धरण झालं, गावं पाण्याखाली गेली, आणि तिथल्या आदिवासी घरांना आमच्या गावच्या शिवेवर जागा मिळाली. गाव त्यांना 'धरणातले' म्हणायचं, अजूनही म्हणतं. वसाहतीला रस्ता मिळाला, हापसा मिळाला. स्मशानासाठी जागा कागदावर होती, जमिनीवर कधी आली नाही. त्यांना येऊन आठ वर्षं झाली असताना गेनू वारला. गेनू आमच्याच शेतांत राबायचा. त्याचा मुलगा लक्ष्मण आठवीत माझ्या वर्गात होता. वसाहतीतली माणसं तिरडी घेऊन शेडपाशी आली, तेव्हा गाव आडवं उभं राहिलं, आणि मी बोललो.

माझ्या भाषणात एकही वाईट शब्द नव्हता. मी म्हणालो की दोन लेकरं उपाशी असली, एक आपलं आणि एक शेजाऱ्याचं, तर हात आधी आपल्या लेकराकडे जातो. यात शेजाऱ्याचा द्वेष नाही. तुमचेही पूर्वज आहेत, तुमचीही माती आहे, तिथे तुमचा मान आहे. आमच्या पूर्वजांची ही जागा आम्हाला राहू द्या. वसाहतीतल्या लोकांनी ऐकून घेतलं. भांडण झालं नाही, काठी उगारली गेली नाही. त्यांनी गेनूला टेंपोत घातलं आणि धरणाकडे परत नेलं. गुरुजींमुळे गावात रक्त सांडलं नाही, असं त्यानंतर माझं नाव झालं.

निमगाव सावा

निमगाव सावाला चहाला थांबलो. शेतांच्या कडेला कांद्याच्या ऐरणी, म्हणजे साठवणीच्या चाळी, भरून उभ्या होत्या. मेचं ऊन त्यांच्यावर पडून कुबट गोड वास सुटला होता. टपरीच्या मागे बिबट्याचा पिंजरा लावलेला, आत एक शेळी कंटाळून बसलेली. या भागात आता बिबट्याशिवाय गप्पा सुरू होत नाहीत. मी विचारलं की हे जनावर डोंगरातून एवढ्या लांब येतं कसं. टपरीवरचे एक पागोटेवाले बाबा हसले.

"डोंगरातून कशाला यील? तीन पिढ्या झाल्या त्याच्या उसात. त्याला डोंगुर दाखवला तर भिऊन पळंल. त्यो आता मूळ गावकरीच हाय राव."

बाकीचे हसले, प्रशांतही हसला. मी मनात मोजत होतो. वसाहतीतही आता तिसरी पिढी आहे.

आमच्या गावी पोचल्यावर ऊन उतरायच्या आत मी एकटाच नदीकडे गेलो. शेडच्या पत्र्याला भोकं पडली होती आणि राखेवर उजेडाचे ठिपके पडले होते. तिथे दगडू भेटला. दगडू माझ्याच वयाचा, एकेकाळी गावातला पहिला ट्रॅक्टर त्याचा. आता गुडघे गेलेत, पण रोज काठी टेकत नदीपर्यंत येतो. आम्ही खांबाला टेकून बसलो.

"ड्रायव्हर आठवतोय का रे?" मी विचारलं.

दगडूने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नदीकडे नजर वळवली. "आठवतो ना. लायसन मीच काढलं व्हतं त्याच्या खिशातनं."

गेनू वारला त्याच्या आदल्या वर्षी आमच्या वळणावर एक ट्रक उलटला. ड्रायव्हर जागीच गेला. परराज्यातला माणूस. पंचनामा झाला, ट्रकवर लिहिलेल्या नंबरवरून मालकाला आणि त्याच्याकडून घरच्यांना फोन लागला. त्यांना पोचायला चार दिवस लागणार होते, ते म्हणाले तिकडेच अग्नी द्या. आप्पा, दगडू, मी आणि आणखी काही जण त्या प्रेताभोवती उभे होतो. आप्पा म्हणाले, कोण आहे काय आहे ते आधी बघा. दगडूने लायसन काढलं. ते इंग्रजीत होतं म्हणून माझ्या हातात आलं. मी आडनाव वाचलं. त्या आडनावाची माणसं त्यांच्या मुलखात जमीनजुमलेवाली असतात, हे मी कुठेतरी वाचलेलं होतं. मी म्हणालो, चालतंय, आपल्यातलाच म्हणायचा. आणि आम्ही त्याला गावच्या शेडमध्ये अग्नी दिला. त्याची भाषा आम्हाला येत नव्हती, त्याच्या बापाचं नाव माहीत नव्हतं. मी दोन शब्दही बोललो. माणुसकीवर.

पुढल्या वर्षी गेनूची तिरडी आली तेव्हा आप्पांनी मला बाजूला घेतलं. त्यांचे शब्द होते, "गुरुजी, शेड बाटंल. कायतरी बोला, पण चांगल्या शब्दांत बोला." मी चांगल्या शब्दांत बोललो.

नोंद नीट करायची ती एवढीच आहे. आपल्या लेकराला आधी जेवू घालण्याची गोष्ट तिथे नव्हतीच. तसं असतं तर ड्रायव्हरलाही आम्ही परत पाठवलं असतं. तो आमच्या गावचा नव्हता, तालुक्याचा नव्हता, राज्याचा नव्हता. आणि गेनू आठ वर्षं आमच्या बांधावर होता. आम्ही जवळचा आणि लांबचा असं पाहिलंच नाही. वरचा आणि खालचा एवढंच पाहिलं, आणि त्यावर मी लेकराची गोष्ट पांघरली.

दगडू बराच वेळ काठीने राख उकरत होता. मग म्हणाला, "आता कशाला काढतो? आप्पा बी गेला." मी म्हणालो, म्हणूनच. मी गेलो की सांगायला तू उरशील, आणि तू बोलणार नाहीस. 

प्रशांतच्या बायकोने जेवायला मासवडी केली होती, रस्सा झणझणीत. माझ्यासाठी म्हणून खास केली होती, आणि मला एकच वडी गेली.

शिनोली

दुसऱ्या दिवशी सकाळी घोडेगावला जुन्या मित्राकडे जातो असं सांगून निघालो. आयुष्याच्या शेवटी खरं बोलायला निघालेल्या माणसाने सुरुवात थापेने केली, ही माझी लायकी. मंचरहून वडापची जीप मिळाली. मागे आम्ही अकरा जण आणि कोंबड्यांची एक पाटी. शिनोलीत जीप पंक्चर झाली आणि जॅक कुणाला तरी दिलेला निघाला, म्हणून तासभर तिथेच बसून राहिलो.

पूर्वेकडची सपाट, पाण्याची, उसाची जमीन मागे पडली होती. इथून डोंगर समोर दिसायला लागतात, माती तांबडी होते, बोलणं हळू होतं. एका दुकानात हिरड्याची पोती लावली होती. हिरडा हे या डोंगराचं उन्हाळी पीक. लावावं लागत नाही, झाडावर चढून काढावं लागतं आणि वाळवावं लागतं. वसाहत सोडून इकडे परतलेल्या लक्ष्मणची मी चौकशी केली, त्यालाच गाठायला मी निघालो होतो. दुकानदार म्हणाला, धरणापलीकडच्या वाडीतला लक्ष्मण ना, थांबा, तो आजच पोती घेऊन यायचाय.

तो मोटरसायकलवर आला. डोक्यावर टॉवेल, दाढी पांढरी झालेली. पाहताक्षणी ओळखलं मी त्याला, त्यानेही मला ओळखलं. पोती उतरवून वजन होईपर्यंत त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मग जवळ येऊन पाया पडला. मला ते अपेक्षित नव्हतं आणि आवडलंही नाही.

"आई हाय अजून," तो म्हणाला. "भेटायचं आसंल तर बसा मागं."

वाडी

धरण मे महिन्यात आटलेलं असतं. काठाने जाताना खाली भेगाळलेल्या चिखलात घरांची जोती उघडी पडलेली दिसतात, एक जातं, देवळाचे दोन दगड. लक्ष्मणने गाडी थोडी हळू केली आणि हनुवटीने दाखवलं. ते त्यांचं गाव. आणि त्या जोत्यांच्या वरच्या अंगाला, पाणी जिथवर येतं त्या रेषेवर, त्यांनी गेनूला अग्नी दिला होता. त्या वर्षी पुढे पाणी चढलं. त्यामुळे तिथे दाखवण्यासारखं काही नाही. गेनूनंतर महिन्याभरात हे घर वसाहत सोडून डोंगरात परत आलं. लक्ष्मणची शाळा आठवीवरच संपली.

गाडी वाडीच्या खाली थांबते. पुढे पाऊण तास चढ. अर्ध्यावर माझ्या चपलेचा अंगठा तुटला. लक्ष्मणने कसलीशी साल सोलून तो बांधून दिला, आणि त्याच्यावर मी वर पोचलो.

वाडीच्या उतारावर तीसएक माणसं काम करत होती. पडकई चालली होती. उन्हाळ्यात सगळ्या घरांनी मिळून एकेकाच्या उतारावर दगडी बांधाची ताल घालायची, माती ओढायची आणि भाताचं खाचर तयार करायचं. आज याचं, उद्या त्याचं, मजुरी नाही. मी विचारलं, यात बाहेरचं कुणी असतं का. लक्ष्मण म्हणाला, बाहेरच्याचं खाचर इथं नाही तर तो कशाला येईल? वाडीपुरतंच असतं.

झऱ्याचंही तसंच. उन्हाळ्यात धार करंगळीएवढी होते. आधी वाडीचे हंडे, मग खालच्या वाडीचे. खालच्या बायका उन्हात ताटकळत बसतात, असं त्याने स्वतःहून सांगितलं.

"त्यांना राग येत नाही?"

"येतो की. शिव्या घालत्यात. आमी त्यांच्या झऱ्यावं गेलो तर आमालाबी बसवत्यात. पन त्यांचा हंडा लागला म्हणून झरा बाटला, असं कोन म्हणत नाय, गुरुजी."

तो बाटणं हा शब्द माझ्याकडे न पाहता बोलला. त्या दिवशी आप्पा मला बाजूला घेऊन काय बोलले ते त्याने ऐकलं होतं. चौदा वर्षांचा मुलगा बापाच्या तिरडीपाशी उभा राहून ऐकत होता, आणि मी त्याच्या देखत त्या शब्दाला चांगले कपडे घातले.

भिमाबाई अंगणात हिरडा पसरत बसली होती. गेनूची बायको. आता पंचाहत्तरीच्या घरातली, पाठ वाकलेली, हात मात्र भरभर चालणारे. मी कोण ते लक्ष्मणने सांगितलं. तिने पाणी द्यायला लावलं, मला घोंगडीवर बसवलं, आणि पुन्हा हिरडा पसरायला लागली. मी मनात जुळवलेली वाक्यं सुरू करणार तेवढ्यात तीच बोलली.

"त्या दिशी तुमी बोलत व्हता, आन् आमी बाया लांब वडाखाली व्हतो. ऐकाया येत नव्हतं. नुसता तुमचा हात वरखाली व्हताना दिसायचा. लक्षिमनाला लई येळा इचारलं, गुरुजी काय बोलले. त्यो सांगत नाय. आता आलाच हाय तर तुमी सांगा."

मी लक्ष्मणकडे पाहिलं. तो उठून अंगणाच्या कडेला गेला.

मी तिला ते भाषण म्हणून दाखवलं. सगळं आठवत होतं, कुठे आवाज चढवला आणि कुठे थांबलो तेसुद्धा. उपाशी लेकरं, पूर्वज, माती, मान, कोणाचाही द्वेष नाही. एवढ्या वर्षांत मी ते पहिल्यांदाच ज्यांच्यासाठी होतं त्यांच्यातल्या कुणाच्या तोंडाकडे बघून बोलत होतो. मधे एकदा तिने पाण्याचा तांब्या पुढे केला.

संपल्यावर ती म्हणाली, "बोलणं वाईट नाय. आपलं लेकरू आधी जेवणारच. मी बी तेच करीन." हिरड्याची एक रांग सरळ केली. "मंग तुमी येवढं ऊन अंगावं घिऊन का आला?"

मी ड्रायव्हरचं सांगितलं. लायसन, आडनाव, माझं 'चालतंय'. तिचे हात थांबले.

"त्यो टरकवाला. म्हाईत हाय मला. त्याची लाकडं आमच्या ह्यांनीच न्हेली. आप्पानीच सांगितलं, बाभळ तोड आन् शेडवर टाक. दोन खेपा केल्या. वली लाकडं धूर करत्यात म्हणून आमच्या घरची वाळकी बी न्हेली. म्हणलं, कुनाचं तरी लेकरू हाय."

हे मला आठवत नव्हतं. लाकडं आली होती, रचलेली होती, मी त्यांच्यासमोर उभा राहून माणुसकीवर बोललो होतो. ती कुणाच्या पाठीवरून आली ते मी तेव्हाही पाहिलं नव्हतं.

"लाकडं चालली," भिमाबाई म्हणाली.

मी हात जोडले. ती त्रासल्यासारखी म्हणाली, "माझ्याकडं काय मागता? हितं कोन हाय ऐकाया? जितं हात वरखाली केला तितं जाऊन बोला."

मग तिने जेवायला वाढलं. तांदळाची भाकरी, सुकट, हिरवी मिरची. आधी मला वाढलं, मग लेकाला. लक्ष्मणने मला शिनोलीपर्यंत आणून सोडलं. उतरताना त्याने आपला फोन नंबर माझ्या वहीत लिहून दिला. अक्षर मी शिकवलं होतं तसंच होतं.

घाट

तिसऱ्या दिवशी सकाळी घाट माणसांनी भरला होता. पांढरे कपडे, मांडवात खुर्च्या, पलीकडे कातळावर पिंड मांडलेले. वसाहतीतलीही दहा-बारा माणसं आली होती, ती मांडवाच्या कडेला उन्हात उभी होती. आप्पांच्या शेतात ती राबलेली. प्रशांतने माईकवर माझी ओळख करून दिली. गावाचं रक्त सांडू न देणारे गुरुजी, असं तो म्हणाला.

मी सगळं सांगितलं. आप्पांना मी दोषी धरलं नाही. मेलेल्या मित्राच्या दहाव्याला त्याचा एक शब्द सांगावा लागला तो सांगितला, आणि तो गोड करून विकणारा मी होतो हेही सांगितलं. लायसन कुणी वाचलं ते सांगितलं, लाकडं कुणी आणली ते सांगितलं. म्हणालो की आपलं आधी म्हणणं हा गुन्हा नाही. पण कुणाला आधी घ्यायचं ते आपण ओळखीवरून ठरवलं नाही, आडनावावरून ठरवलं. आणि अजून तेच करतोय. नवीन शेडमध्ये उद्या रस्त्यावरचा कुणी अनोळखी माणूस आला तर आपण पुन्हा खिसाच तपासू. आणि त्याला लाकडं लागली तर वसाहतीत निरोप धाडू.

कुणी माईक बंद केला नाही. कुणी उठून गेलं नाही. पुढच्या रांगेतली माणसं मान खाली घालून ऐकत होती, एरवीच्या भाषणाला घालतात तशीच. माझ्यानंतर तालुक्याचे एक पुढारी उभे राहिले. म्हणाले, गुरुजींनी आज आपल्याला अंतर्मुख केलं, अशी विचारांची माणसं आपल्या मातीत जन्मतात हे आपलं भाग्य. टाळ्या दहाव्याला वाजवत नाहीत, नाहीतर वाजल्या असत्या. तेवढ्यात कावळा शिवला आणि सगळे उठले.

पंगत बसली. मला वाटलं होतं आपण आज उपाशी जाऊ, निदान कुणीतरी तोंड फिरवेल. प्रशांत हाताला धरून मला पहिल्या पंगतीत घेऊन गेला. "दमलात नाना," एवढंच म्हणाला. माझ्या पानात सगळ्यांच्या आधी बुंदी पडली. शेजारच्याने आग्रहाने भात वाढायला लावला. एवढं बोलूनही मी आपला होतो. माझ्या खिशात लायसन नव्हतं, पण ते इथे कुणाला पाहायची गरज नव्हती.

देवळातली ग्रामसभा अर्ध्या तासात आटोपली. प्रशांतने ठराव वाचला. त्यात एक बदल होता. 'यात कोणाचाही द्वेष नाही' हे वाक्य काढून टाकलं होतं, कारण म्हणाला, गुरुजींनी ते मागे घेतलंय आणि त्यांच्या शब्दाचा आपण मान राखतो. बाकी ठराव जसाच्या तसा. विरोधात हात वर करा म्हटल्यावर मागे उभ्या असलेल्या वसाहतीच्या माणसांनी केले, मी केला. खांबाला टेकून बसलेल्या दगडूने काठी खाली ठेवली आणि त्यानेही केला. त्याच्याकडे बघून दोन-चार जण हसले, एकाने विचारलं, दगडूनाना, मुतायला जायचंय काय? त्याने हात खाली घेतला नाही. ठराव मंजूर झाला.

पुण्याला परत आल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी मी लक्ष्मणच्या नंबरवर फोन लावला. त्याने तो आईच्या हातात दिला. तिला फोनवर बोलायची सवय नसावी, ती ओरडूनच बोलत होती.

"बोलला का?"

"बोललो."

"समद्यांम्होरं?"

"सगळ्यांसमोर. घाटावर."

मागून कुणीतरी दगड आपटत होतं, पडकई चालू असावी. मग तिने आवाज खाली आणून विचारलं, "मंग तुमाला काय केलं वो त्यांनी?"

"काही नाही," मी म्हणालो. "पहिल्या पंगतीत बसवलं."